नोहाची लेकरं: ज्यू परंपरेत सगळ्या माणसांसाठी सांगितलेले सात नियम

सांजवेळ (धागाकर्ती)

ज्यू धर्माचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं हिटलरवर जातं, नाहीतर इस्रायल-पॅलेस्टाइनवर. त्या धर्माच्या आत काय विचार झालाय, इकडे कुणी फारसं वळत नाही. मला बरेच दिवस एका प्रश्नाने धरून ठेवलंय: जो माणूस ज्यू नाही, त्याच्याकडून या परंपरेची अपेक्षा काय? त्याने ज्यू व्हावं, अशी? नाही व्हायचं तर त्याची गत काय?

ज्यू माणसावर तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या, ६१३ आज्ञांचं बंधन आहे. ३६५ 'हे करू नकोस' आणि २४८ 'हे कर', अशी फोड रब्बी (धर्मपंडित) सिमलाईंच्या नावावर तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, येते. बाकीच्या जगाला यातलं बहुतेक काहीच लागू नाही. शब्बाथ (शनिवारची विश्रांती) नाही, कोशर (खाण्याचे निर्बंध) नाही, सुंता नाही. त्यांच्यासाठी फक्त सात नियम, आणि त्यांना म्हणतात 'नोहाच्या मुलांचे नियम'. जलप्रलयातून नोहाचंच कुटुंब वाचलं, म्हणजे पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस नोहाचाच वंशज. जन्माला येताच तुम्ही-आम्ही या नियमांच्या कक्षेत असतो, त्यासाठी कुठे नाव नोंदवावं लागत नाही.

मूर्तिपूजा करू नये, देवाला शिव्याशाप देऊ नयेत, खून करू नये, निषिद्ध शरीरसंबंध ठेवू नयेत, चोरी करू नये, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाऊ नये, आणि न्यायालयं स्थापन करावीत. झाले सात.

बायबलमध्ये ही यादी सलग अशी कुठेच नाही. नोहा तारवातून बाहेर पडल्यावर (उत्पत्ती, अध्याय ९) देव त्याला मांस खायची मुभा देतो, पण मांसात जीव, म्हणजे रक्त, असताना नाही. आणि माणसाचं रक्त सांडणाऱ्याचा हिशोब घेतला जाईल असं बजावतो. उघड शब्दांत आहे ते एवढंच. सातही नियमांची यादी तोसेफ्ता या रब्बींच्या जुन्या संग्रहात मिळते, आणि खरी चर्चा बॅबिलोनियन तालमुदाच्या सान्हेद्रिन ग्रंथात आहे, ५६व्या पानापासून पुढे. तिथे रब्बी योहानान एदेन बागेतल्या एकाच वाक्यातून सातही नियम काढून दाखवतात. देवाने आदामाला 'बागेतल्या हरएक झाडाचं फळ खुशाल खा' म्हटलं, त्या वाक्यातून. 'झाडाचं खा' म्हणजे दुसऱ्याचं चोरून नको, 'खा' म्हणजे जे खाण्याजोगं झालंय ते, जिवंत प्राण्याचा तुकडा नव्हे. आपल्याला हे ओढूनताणून वाटेल. पण सात नियम आधीपासून मान्य होते, रब्बी त्यांचं मूळ शोधत होते, असं समजून वाचलं की त्यातली धडपड दिसते. नियम नोहाच्याही आधी, पहिल्या माणसापर्यंत नेऊन भिडवायचे होते त्यांना. आणि सातावरही एकमत नाहीच. जादूटोणा, प्राण्यांचं खच्चीकरण, भिन्न जातींचा संकर यांचीही मनाई यात धरावी म्हणणारे रब्बी त्याच पानांवर भेटतात.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती न्यायालयांच्या नियमाशी. बाकीचे सहा 'करू नका' सांगतात. 'करा' म्हणणारा हा एकटा, आणि तो एकट्यादुकट्याला पाळता येत नाही. मी चोरी न करता आयुष्य काढीन, पण न्यायालय एकटी कशी उभारणार? त्याला गाव लागतं. तालमूद सांगतो, प्रत्येक प्रांतात आणि प्रत्येक शहरात न्यायाधीश बसवा.

याची गरज का पडली, हे प्रलयाच्या कथांवरून कळतं. त्या पिढीने सगळी पापं केली, पण त्यांच्या नाशावर शिक्कामोर्तब झालं ते लुटालुटीमुळे, असं रब्बी योहानान सांगतात. ती लूट कशी होती त्याचं एक चित्र मिद्राशमध्ये, रब्बींनी बायबलवर रचलेल्या कथा-टीकेत, आहे. एक माणूस तुर्मुस नावाच्या कडधान्याच्या दाण्यांची टोपली भरून बाजारात आणतो. एक जण येतो, एका पैशापेक्षा कमी किमतीचे दाणे उचलतो. दुसरा येतो, तोही तेवढेच. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी. दाद मागायची तर कुणाविरुद्ध? एकेकाने घेतलं ते इतकं किरकोळ की कुठलाही न्यायाधीश दावा दाखल करून घेणार नाही. कायदा कुणीच मोडला नाही, आणि माणूस मात्र देशोधडीला लागला. मला हे चित्र कुठल्याही राक्षसी अत्याचाराच्या वर्णनापेक्षा भयंकर वाटलं, कारण त्यात वाईट माणूस असा कुणी दाखवता येत नाही.

नुसती सज्जन माणसं असून भागत नाही, न्याय मागायला जागा लागते, हे या परंपरेने जगाकडून मागितलेल्या सातांत घातलं. माझ्या मते या सगळ्या विचाराचा गाभा हाच आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना या विषयातली माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद: दर्यावर्दी

छान लेख. टोपलीची गोष्ट माहीत नव्हती.

जिवंत प्राण्याच्या अवयवाबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे खेकडे जिवंत असतानाच नांग्या मोडून घेतात. लहानपणापासून ते बघून पोटात कसंतरी व्हायचं. ते या नियमात बसतं का? आणि खून, चोरी यांच्या रांगेत ही इतकी नेमकी बाब कशी आली?

प्रतिसाद: सांजवेळ

दर्यावर्दी, धन्यवाद. तालमुदातली चर्चा गुरंढोरं, रानातली जनावरं आणि पक्षी यांच्याभोवती फिरते. मासे त्यात येत नाहीत. म्हणजे या नियमाच्या अक्षरात तुमचे खेकडे बसणार नाहीत. तुमच्या पोटात जे व्हायचं ते मात्र नियमाच्या अगदी जवळचं आहे.

इतकी नेमकी बाब का, याचं उत्तर क्रमात आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला फक्त झाडपाला आणि फळं दिलीत. आदामाला मांसाची परवानगी नव्हती असं तालमूद स्पष्ट म्हणतो. ती मिळाली नोहाला, प्रलयानंतर, आणि परवानगी देतानाच तिला कुंपण घातलं गेलं. मांस साठवायची सोय नव्हती, तेव्हा जनावर जिवंत ठेवून लागेल तसा लचका तोडणं माणसाला सुचलंच असणार. मारायचं तर मार, पण ते जिवंत तडफडत असताना त्याला अन्न समजू नकोस, असा माझा त्याचा अर्थ. मध्ययुगातला मोठा ज्यू कायदेपंडित मायमोनिडीज म्हणतो, सहा नियम आदामाचे आणि हा सातवा नोहाला मिळालेला.

प्रतिसाद: परखड

लेख सुंदर लिहिलाय, पण बाजू फार उजळ दाखवलीत. सान्हेद्रिनची तीच पानं पुढे वाचली तर या सातांपैकी कुठलाही मोडला तर शिक्षा देहान्ताची. चोरीलाही. पैशापेक्षा कमी किमतीच्या चोरीलाही. ज्यू आरोपीला दोन साक्षीदार, आधी ताकीद आणि २३ न्यायाधीशांचं मंडळ. नोहाच्या लेकराला एक साक्षीदार, एक न्यायाधीश आणि ताकीद नाही. हा कसला सगळ्यांसाठीचा न्याय?

शिवाय मायमोनिडीजच्या मिश्ने तोरा या कायद्याच्या ग्रंथात, राजांच्या नियमांत, सरळ लिहिलंय की जगातल्या सगळ्यांना हे सात नियम मान्य करायला भाग पाडावं आणि न मानणाऱ्याला मारावं.

आणि पहिला नियम मूर्तिपूजेचा. म्हणजे या धाग्यावर लिहिणाऱ्या निम्म्याअधिक लोकांच्या देवघरात जे आहे, तेच गुन्ह्यांच्या यादीत पहिलं. ज्याला 'सगळ्या मानवजातीसाठी' म्हणायचं त्यात एवढी मोठी मानवजात आधीच आरोपी ठरते.

प्रतिसाद: शनिवारतेली

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. मूळ गाव अलिबाग तालुक्यात, आता राहते इस्रायलमध्ये. माझं हे टोपणनाव कुठून आलं ते बहुतेकांना माहीत असेल: आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली.

परखड, तुम्ही दाखवलेली वाक्यं ग्रंथांत आहेत. आमच्यातही ती वाचून गप्प बसावं लागतं. त्याबरोबर एवढं लक्षात घ्या की तालमुदातली ही चर्चा झाली ती जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतरच्या काळात, रोमन आणि मग पारशी सम्राटांच्या राज्यात. चर्चा करणाऱ्यांच्या हातात परक्यावर चालवायला न्यायालय नव्हतं. कमी पैशांच्या चोरीचा जो कडक नियम तुम्हाला खटकतो, त्याच्या शेजारी वरची टोपलीची गोष्ट ठेवून बघा. ज्यू कायद्यात पैशापेक्षा कमी किमतीचा दावा न्यायालयात उभा राहत नाही. नोहाच्या लेकरांसाठी ही सूट नाही. म्हणजे टोपलीवाल्याला दाद मागता येते.

आता मूर्तिपूजा. आम्ही याच प्रश्नासोबत कित्येक शतकं जगलो, तेव्हा इथे मला पुस्तकापेक्षा घरचं जास्त सांगता येईल. देवाला वाहिलेलं अन्न आम्हाला वर्ज्य. आमच्या शेजारच्या काकूंना ते ठाऊक होतं. गणपतीत त्या मोदक केले की नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्या घरचे मोदक वेगळ्या ताटलीत काढायच्या आणि वर झाकण ठेवून म्हणायच्या, "हे तुमचे, अजून देवापुढे गेले नाहीत." आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याचा) मलिदा असला, की पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून केलेलं ते ताट त्यांच्याकडे जायचं आणि त्या ते डोक्याला लावून घ्यायच्या. त्यांना कुणी मूर्तिपूजक म्हणून कमी लेखल्याचं माझ्या आजीच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. पण आजीने मूर्तीपुढे हातही कधी जोडले नाहीत. दोन्ही एकाच अंगणात होतं.

ग्रंथांतही वाट आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला पेर्पिन्यात १३व्या शतकात मेनाखेम मेईरी नावाचे रब्बी होऊन गेले. ते म्हणाले, तालमूद ज्या मूर्तिपूजकांबद्दल बोलतो ते कायदा-नीती न मानणारे जुने लोक. जी राष्ट्रं धर्माच्या शिस्तीने बांधलेली आहेत, त्यांना ती कलमं लागू नाहीत. थोडक्यात, माणूस कुणापुढे वाकतो यापेक्षा त्याच्या समाजात चोरीला चोरी म्हणतात का, हे त्यांनी बघितलं. सांजवेळताई, तुमच्या न्यायालयाच्या मुद्द्याला हे जाऊन मिळतं.

प्रतिसाद: तळटीप

मेईरींचा उल्लेख फार मोलाचा. त्यात हिंदूंपुरती भर घालतो.

२००४ साली याच प्रश्नावरून मोठी खळबळ झाली होती. सनातनी ज्यू विवाहित स्त्रिया केस झाकायला केसांचे टोप वापरतात, आणि त्यातल्या बऱ्याच टोपांचे केस तिरुपतीला उतरवलेले असायचे. जेरुसलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला की तिथलं मुंडण हा मूर्तिपूजेचा भाग, म्हणून असे टोप वापरता येणार नाहीत. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ढीग रचून टोप जाळले गेले. हा निर्णय ज्यूंनी काय वापरावं याबद्दलचा होता, हिंदूंना दोषी ठरवण्याबद्दलचा नव्हे. पण हिंदूंच्या भक्तीकडे कसं बघितलं जातं, ते त्यातून दिसलंच.

लगेच पुढच्या काही वर्षांत दुसरी बाजूही घडली. फेब्रुवारी २००७ मध्ये दिल्लीत आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जेरुसलेममध्ये हिंदू-ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदा भरल्या. इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा त्यात सहभाग होता, आपल्याकडून स्वामी दयानंद सरस्वती होते (आर्य समाजाचे नव्हेत, आर्ष विद्या गुरुकुलमचे). दुसऱ्या परिषदेच्या निवेदनात नोंदवलं गेलं की हिंदू एकाच परमतत्त्वाची, निराकार आणि साकार अशा दोन्ही रूपांत, उपासना करतात, आणि विशिष्ट रूपापुढे प्रार्थना करतानाही त्यांचं नातं त्या एकाशीच असतं. या निवेदनाने सगळे रब्बी बांधले जात नाहीत. ज्यू धर्मात पोप नसतो. तरी तो कागद आहे.

परखड यांच्या आक्षेपाला माझं उत्तर: आरोपी कोण हे या परंपरेत एकदाच ठरून गेलेलं नाही. तो वाद चालू आहे.

प्रतिसाद: परखड

निवेदन वाचलं. चांगलं आहे. पण त्यात हिंदूंना माफी मिळाली ती 'तुम्हीसुद्धा खरं तर एकेश्वरवादीच' असं ठरवून. कुणी खरोखरच अनेक देव मानत असेल तर? किंवा देवच मानत नसेल तर? मी मानत नाही. खून-चोरी करत नाही, खटल्यात खरी साक्ष देतो. मी या सातांच्या आत की बाहेर?

प्रतिसाद: तळटीप

तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत जिथे तत्त्वज्ञ स्पिनोझाने ठेवलं होतं.

मायमोनिडीज लिहितो: सात नियम स्वीकारून काळजीपूर्वक पाळणारा माणूस 'राष्ट्रांतल्या' (ज्यू नसलेल्यांतल्या) 'सत्पुरुषां'पैकी आणि त्याला येणाऱ्या जगात वाटा आहे. पण अट अशी की देवाने मोशेकरवी तोरात ते सांगितले म्हणून त्याने ते पाळले पाहिजेत. केवळ स्वतःच्या बुद्धीला पटलं म्हणून पाळत असेल, तर तो सत्पुरुषांत मोडत नाही, आणि पुढे काही हस्तलिखितांत आहे 'तर त्यांच्या ज्ञानी लोकांत मोडतो', तर छापील प्रतींत 'आणि ज्ञानी लोकांतही मोडत नाही'. हिब्रूत फरक एका अक्षराचा. एका वाचनात तुम्ही ज्ञानी ठरता, दुसऱ्यात काहीच नाही.

स्पिनोझाने १६७०च्या ग्रंथात ते कडक वाचन घेऊन मायमोनिडीजला धारेवर धरलं. नंतर मोझेस मेंडेल्सझोनला याने फार छळलं. बर्लिनमधला हा ज्यू तत्त्वज्ञ १७७३ साली रब्बी याकोब एम्डेन यांना पत्र लिहून विचारतो: पूर्वेकडून पश्चिमेपर्यंतची सगळी माणसं, आपण सोडून, केवळ मोशेचं नाव ऐकलं नाही म्हणून नाशाला जायची? त्याला हे देवाच्या दयेशी जुळत नव्हतं. एम्डेन मायमोनिडीजच्या बाजूने राहिले. २०व्या शतकात रब्बी कूक यांनी 'तर ज्ञानी' हेच वाचन बरोबर मानलं, आणि बुद्धीने नियमांपर्यंत पोचणाऱ्याला कमी लेखलं नाही.

तेव्हा परखड, तुम्ही आत की बाहेर हे तुम्ही कुणाची प्रत उघडता त्यावर आहे. मी मेंडेल्सझोनच्या बाजूचा.

प्रतिसाद: पाणचक्की

'पटलं म्हणून' की 'सांगितलं म्हणून', यावर तालमुदात एक गोष्ट आहे, ती इथे यायलाच हवी.

अश्कलोनमध्ये दामा बेन नेतिना नावाचा माणूस राहायचा. ज्यू नव्हता. प्रमुख याजकाच्या वस्त्रासाठी एक रत्न हवं होतं, ते त्याच्याकडे होतं. विद्वान जेरुसलेमहून त्याच्या दाराशी आले. सौदा सहा लाखांचा. पेटीची किल्ली मात्र वडिलांच्या उशाखाली आणि वडील झोपलेले. दामाने त्यांना उठवलं नाही. गिऱ्हाईक गेलं, नफा गेला. पुढच्या वर्षी त्याच्या गोठ्यात लाल कालवड जन्मली, मंदिराच्या विधीला लागते तशी, फार दुर्मीळ. विद्वान पुन्हा आले. दामा म्हणाला, जगातला सगळा पैसा मागितला तरी तुम्ही द्याल हे मला माहीत आहे, पण वडिलांच्या झोपेपायी जेवढं गेलं तेवढंच द्या.

आई-वडिलांचा मान किती राखायचा असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा रब्बींनी हे उदाहरण दिलंय. आणि आई-वडिलांचा मान ही सातांतली आज्ञा नाही! दामाला ती कुणी दिलेलीच नव्हती. रब्बी हनिना यावरून म्हणतात की आज्ञा नसताना जो करतो त्याला एवढं फळ, तर आज्ञा असून करणाऱ्याला किती. त्यांच्या मते आज्ञा असून करणारा मोठा. मला ते पटत नाही, मला दामाच मोठा वाटतो. पण आज्ञेचा महिमा सांगणाऱ्या त्याच पानाने एका परक्या, मूर्तिपूजक शहरातल्या माणसाला आदर्श म्हणून समोर बसवलंय, हे विसरता येत नाही.

प्रतिसाद: दर्यावर्दी

पाणचक्की, गोष्ट सुरेख!

सातांचा विषय वाचताना पतंजली आठवत होता. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम सांगून पुढच्याच सूत्रात तो म्हणतो, 'जातिदेशकालसमयानवच्छिन्नाः सार्वभौमा महाव्रतम्'. जन्म, देश, काळ, प्रसंग कशानेही न अडणारं, सगळीकडे लागू. आपल्याकडेही कुणीतरी 'सगळ्यांसाठी' असा विचार केला होता. फक्त ते योग्याचं व्रत आहे, एकट्याने पाळायचं. गावाला न्यायालय उभार असं पतंजली सांगत नाही. तो फरक मला या धाग्यामुळेच लक्षात आला.

प्रतिसाद: कचेरीवाट

वकिली करते, म्हणून माझा रस वेगळ्या अंगाने. जॉन सेल्डन नावाचा इंग्रज कायदेपंडित, पार्लमेंटचा सभासद, ख्रिस्ती. त्याने १६४० साली निसर्गदत्त कायद्यावर लॅटिनमध्ये भला मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचा पाया म्हणून हे सात नियम घेतले, थेट तालमूद वाचून. त्या काळात युरोपात धर्मयुद्धांनी रक्ताचे पाट वाहत होते. कुठल्याच एका पंथाचा नसलेला, तरीही देवाने सगळ्या माणसांना दिलेला कायदा त्याला हवा होता. तो त्याला रब्बींच्या पानांवर सापडला, आणि तोही अशा काळात की इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहायलाही बंदी होती. १२९०ची हकालपट्टी तेव्हा लागू होती.

आजच्या काळाचं एक: मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शिक्षण दिनाचा ठराव मंजूर केला, त्यात हे सात नियम संस्कृतीच्या पहाटेपासून समाजाचा पाया असल्याचं म्हटलंय. लुबाविच या ज्यू पंथाचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांच्या सन्मानार्थ होता तो. त्यांनी १९८०च्या दशकात हे नियम ज्यू नसलेल्यांपर्यंत पोचवायची मोहीम जोरात चालवली होती. मला मात्र सरकारी ठरावात धर्माज्ञा आलेली आवडत नाही, कुणाच्याही धर्माची असो.

प्रतिसाद: शनिवारतेली

कचेरीवाट, आमच्याकडेही मोहिमांबद्दल दोन मतं आहेत. मला या सातांचं खरं रूप दिसतं ते एमे पाल्येरच्या आयुष्यात. ल्योंचा कॅथलिक तरुण, पाद्री व्हायचं ठरलेलं. योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या) दिवशी सहज सिनेगॉगमध्ये शिरला आणि ज्यू व्हायचा ध्यास घेऊन बसला. इटलीतल्या लिव्होर्नोच्या रब्बी एलिया बेनामोझेघ यांना त्याने लिहिलं. दुसऱ्या कुठल्याही धर्माचा गुरू अशा वेळी दार उघडून म्हणाला असता, ये. बेनामोझेघनी त्याला सांगितलं, ज्यू होण्याची तुला गरज नाही, नोहाच्या वाटेने चाल, तीही देवाचीच वाट आहे. पाल्येर जन्मभर त्या वाटेने गेला, आणि बेनामोझेघ वारल्यावर त्यांचं मोठं हस्तलिखित त्यानेच संपादून १९१४ मध्ये छापून आणलं.

आमच्या पूर्वजांनी कोकणात कुणालाही धर्मात ओढलं नाही. मला वाटायचं, आम्ही मूठभर होतो म्हणून असेल. पाल्येरबद्दल वाचलं तेव्हा कळलं की शिकवणच तशी आहे.

प्रतिसाद: परखड

पाल्येरची गोष्ट आवडली. पण शिकवण तशीच होती असं सरसकट म्हणवत नाही. हातात राज्य असताना, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटी, योहान हिर्कानस या ज्यू शासकाने शेजारच्या इदोमी लोकांना सुंता करा नाहीतर देश सोडा म्हणून सक्ती केली होती. आणि अलीकडे, मार्च २०१६ मध्ये, इस्रायलच्या दोन मुख्य रब्बींपैकी एक, तेव्हाचे सेफार्डी मुख्य रब्बी यित्झाक योसेफ म्हणाले की सात नियम न मानणाऱ्यांना इस्रायलच्या भूमीत राहू देऊ नये. गदारोळ झाल्यावर ते फक्त तात्त्विक होतं असा खुलासा झाला. बंधन घालणारा जेव्हा बळवान असतो तेव्हा 'फक्त सातच' हे औदार्य राहत नाही.

प्रतिसाद: शनिवारतेली

हिर्कानसचं खरं आहे. २०१६चं वाक्य मी इथे राहून ऐकलं आणि मला लाज वाटली, एवढंच म्हणते. माझ्या शेजारी ख्रिस्ती आहेत, द्रूझ पंथाचे लोक आहेत. 'तू राहावंस की नाही' हे त्यांना विचारणारी मी कोण?

प्रतिसाद: सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा टाकताना मनात होतं त्याच्या कितीतरी पुढे चर्चा गेली.

परखड, बळाबद्दलचा तुमचा मुद्दा मी टाळत नाही. पण तो परंपरेच्या आतही मांडला गेलाय, आणि तोही न्यायालयांच्या नियमावरूनच. उत्पत्तीच्या ३४व्या अध्यायात शखेम नावाचा राजपुत्र ज्यूंचा पूर्वज याकोब याच्या मुलीला, दीनाला, पळवून नेतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. तिचे भाऊ शिमोन आणि लेवी कपटाने गावात शिरून सगळ्या पुरुषांची कत्तल करतात. गुन्हा एकाचा, मग गाव का मारलं? मायमोनिडीज म्हणतो, कारण गावाने शखेमचा न्याय केला नाही. त्यांनी बघितलं, त्यांना माहीत होतं आणि त्यांनी त्याला न्यायासनासमोर उभं केलं नाही, म्हणून सगळे दोषी.

मी सुरुवातीला ज्या नियमाचं एवढं कौतुक केलं, त्याच नियमातून मायमोनिडीजने कत्तलीचं समर्थन काढलं. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग नाखमानिडीज वाचला, स्पेनमधला, मायमोनिडीजनंतर साधारण दोन पिढ्यांनी आलेला. तो विचारतो: असं असेल तर त्यांना शिक्षा करायला याकोबानेच सगळ्यांत आधी पुढे व्हायला हवं होतं. घाबरून मागे राहिला म्हणावं, तर मग तो मुलांवर संतापला का? मरताना त्यांच्या क्रोधाला शाप का दिला? नाखमानिडीजच्या मते न्यायाच्या नियमाचा अर्थ फक्त शिक्षा करणारी न्यायालयं एवढा नाहीच. मजुरी वेळेवर देणं, खरेदीविक्रीत फसवणूक न करणं, कर्ज, ठेवी, नुकसानभरपाई हे सगळं त्यात आलं. न्यायालय उभं केलं नाही म्हणून गावाला मृत्युदंड देता येत नाही, असं तो ठामपणे म्हणतो, आणि याकोबाच्या मुलांना ते करायचा अधिकार नव्हता हेही.

मला हा वाद फार मोठा वाटतो. दोघेही सात नियम मानणारे, दोघेही त्याच पानावरचे. एकाला त्यात तलवारीचं कारण दिसलं, दुसऱ्याला मजुराची मजुरी. मी नाखमानिडीजसोबत. टोपलीवाल्याचा न्याय करायचा तर त्याचेच नियम लागतील, आणि पुढचा धागा मी 'मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या' या आज्ञेवर काढणार आहे.

प्रतिसाद: कचेरीवाट

नक्की काढा. कामगार न्यायालयातली माझी निम्मी कामं त्याच एका वाक्याची आहेत.

प्रतिसाद: परखड

नाखमानिडीजचा तो उतारा मराठीत करून इथे टाकता येईल का? पूर्ण वाचायचा आहे. याकोबाच्या रागाचा मुद्दा मला बिनतोड वाटला.

प्रतिसाद: शनिवारतेली

परखड, हिब्रूवरून मी करते. आठवडाभर द्या. शिमोन-लेवीच्या शापाचा भागही जोडते, ४९व्या अध्यायातला, कारण त्याशिवाय त्याचा युक्तिवाद अर्धाच कळेल.